नेटवाल्यांच्या डब्याला दुसरा राऊटर जोडला, आता अर्ध्या मोबाईलना नेट नाही

आर्वीची सून | शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. आमचं गाव आर्वी तालुक्यात, वर्धा जिल्हा. मार्चमध्ये घरी फायबरचं कनेक्शन घेतलं, २०० एमबीपीएसचं. डबा समोरच्या बैठकीत दारावर लावून दिला, कारण खांबावरून वायर तिथपर्यंतच आली.

घर असं आहे. समोर जुनं मातीचं घर, भिंती हातभराहून जास्त रुंद, वर टिन. मधात अंगण. मागे सहा वर्षांपूर्वी बांधलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या. मुलगी यंदा बारावीत जाईल, नीटची तयारी करते, तिचे क्लास रात्री असतात. मागच्या खोलीत वायफायची एक दांडी दिसते आणि क्लास सुरू झाला की गोल फिरत राहतं. बैठकीत येऊन बसते तर तिथे टीव्ही, सासऱ्यांकडे येणारी माणसं. दोन महिने लेकरू अंगणात खाटेवर बसून शिकलं, आता डास आणि उकाडा दोन्ही सहन होत नाही.

म्हणून यांनी वर्ध्याहून दुसरा राऊटर आणला आणि २० मीटर लॅन केबल. एक टोक कंपनीच्या डब्यात, दुसरं नव्या राऊटरमध्ये. पहिल्या संध्याकाळी वाटलं, झालं काम. दुसऱ्या दिवसापासून तमाशा. यांच्या मोबाईलवर नेट चालतं, मुलीच्या मोबाईलवर ‘कनेक्टेड, इंटरनेट नाही’. वायफाय बंद करून चालू केलं की कधी उलटं होतं. आता तर बैठकीतला टीव्हीसुद्धा मधूनच बंद पडतो, जो आधी कधी पडत नव्हता. सेटिंग पाहायला १९२.१६८.१.१ उघडलं तर कधी कंपनीच्या डब्याचं पान येतं, कधी नव्या राऊटरचं.

लाईनवाल्याला फोन केला. तो म्हणाला, दुसरा राऊटर चालतच नाही, मागच्या घरासाठी वेगळं कनेक्शन घ्या. खरंच असं असतं का? दर महिन्याला दोन बिलं भरणं आम्हाला जमणार नाही. मी स्वतः करायला तयार आहे, फक्त काय करायचं ते नीट सांगा.

पुण्यातला वऱ्हाडी | शनिवार, रात्री १०:५८

वेगळं कनेक्शन अजिबात घेऊ नका. आणि केबलची भानगड कशाला, रिपीटर घ्या, तो वायफायचा सिग्नल पकडून पुढे देतो, भिंतीतल्या प्लगला लावायचा. माझ्या फ्लॅटमध्ये तोच आहे, दोन वर्षं झाली.

कास्तकार पोट्टं | शनिवार, रात्री ११:०५

ताई, एक गोठ सांगा. नव्या राऊटरच्या पाठीमागं एक निळं भोक असते अन् बाकीचे पिवळे. तुम्ही वायर कोण्या भोकात टाकली?

आर्वीची सून | शनिवार, रात्री ११:१२

आताच टॉर्च घेऊन पाहून आले. पिवळ्यात आहे. निळं रिकामं. कंपनीच्या डब्यातही पिवळ्यातच आहे.

तारवाला | रविवार, सकाळी ७:२०

ताई, दुसरा राऊटर चालतो. अमरावतीत बारा वर्षं हेच काम करतोय. शाळा, दवाखाने, जिनिंग, सगळीकडे एका कनेक्शनवर दोन-चार डबे असतातच.

तुमच्या दुखण्याचं कारण तुम्हीच लिहिलंय. एकाच पत्त्यावर कधी हे पान, कधी ते पान. म्हणजे दोन्ही डब्यांचा पत्ता एकच आहे, १९२.१६८.१.१. पिवळ्यातून पिवळ्यात वायर टाकली की दोन्ही डबे एकाच नेटवर्कमध्ये येतात. तिथे एका पत्त्याचे दोन धनी झाले, की जो आधी उत्तर देईल त्याचं पान उघडतं.

दुसरं त्याहून मोठं. मोबाईल वायफायला जोडला की तो आधी नंबर मागतो. नंबर वाटण्याच्या कामाला डीएचसीपी म्हणतात. असं समजा की गावात दोन कोतवाल आहेत. दोघंही घरांना नंबर देत फिरतात आणि दोघंही सांगतात, एसटी स्टँडचा रस्ता माझ्या दारातून जातो. एकाच्या दारातून खरंच रस्ता आहे. दुसऱ्याच्या मागे भिंत आहे, कारण बाहेरून नेट आत घ्यायचं त्याचं निळं भोक रिकामं. ज्या मोबाईलला कंपनीच्या डब्याने नंबर दिला त्याचं नेट चालतं, ज्याला नव्याने दिला तो भिंतीवर जाऊन आदळतो. बैठकीतला टीव्ही बंद पडतो तो याच्यामुळेच.

आता कृती. क्रम मोडू नका.

दोघांमधली केबल काढा. नवा राऊटर एकटा चालू करा आणि मोबाईल त्याच्या वायफायला जोडा. मोबाईल डेटा बंद ठेवा, नाहीतर इथे इंटरनेट नाही म्हणून मोबाईल परस्पर डेटावर जातो आणि राऊटरचं पान उघडत नाही. लॅनच्या सेटिंगमध्ये त्याचा पत्ता १९२.१६८.१.२५० करा. सेव्ह केलं की जुना पत्ता उघडणार नाही, नवा टाकून परत आत जा. मग वायफायचं नाव आणि पासवर्ड ठरवा. सगळ्यात शेवटी डीएचसीपी बंद. मग केबल पिवळ्यातून पिवळ्यात, जशी आहे तशीच. निळं रिकामं राहू द्या.

एक काम कंपनीच्या डब्यात. डीएचसीपीची हद्द बहुतेक .२ ते .२५४ असेल, ती .२ ते .२०० करा. नाहीतर एखाद्या दिवशी तो २५० नंबर कुणाच्या मोबाईलला देऊन बसेल आणि परत हीच रड. लॉगिन डब्याच्या खालच्या स्टिकरवर असतं.

नव्या राऊटरच्या मेन्यूत ‘ऑपरेशन मोड’ आणि त्यात ‘ॲक्सेस पॉइंट’ (नंबर न वाटता नुसतं वायफाय देणारा डबा) दिसलं तर तेवढं निवडा, वरचं बहुतेक सगळं तो स्वतः करतो.

@पुण्यातला वऱ्हाडी, रिपीटर फ्लॅटमध्ये चालेल. इथे चालणार नाही. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्यावरच बोलतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. आणि जिथे सिग्नल आधीच मेलेला आहे तिथे तो मेलेलाच सिग्नल पुढे देतो. मातीची जाड भिंत आणि वरून टिन वायफाय खाऊनच टाकतात. ताईंनी केबल टाकली हेच बरोबर केलं.

मास्तर | रविवार, सकाळी ८:०५

तारवाला यांच्याबद्दल आदर आहे, पण एवढं करायची गरज काय? केबल पिवळ्यातून काढून निळ्यात टाका. काही सेटिंग लागत नाही. आमच्या क्वार्टरला मी तसंच केलंय, तीन वर्षं झाली. साध्या माणसाला लॅन, डीएचसीपी सांगून घाबरवू नये असं मला वाटतं.

तारवाला | रविवार, सकाळी ८:३०

सर, तुमची पद्धत चुकीची नाही. पण ताईंच्या दोन्ही डब्यांचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे. निळ्यात टाकल्यावर नव्या राऊटरच्या पुढच्या अंगालाही १९२.१६८.१ आणि मागच्या अंगालाही १९२.१६८.१. त्याला कळणारच नाही की कोणतं पाकीट (नेटवरून जाणारा माहितीचा तुकडा) घरात द्यायचं आणि कोणतं बाहेर. काही राऊटर हे ओळखून स्वतःचा पत्ता बदलतात, सगळे बदलत नाहीत. तुमचं चाललं कारण तुमच्या डब्यांचे पत्ते वेगळे असणार. जिओफायबरच्या डब्याचा पत्ता १९२.१६८.२९.१ असतो, त्याच्यामागे बाजारातला कोणताही राऊटर निळ्यात लावला तरी भांडण होत नाही.

शिवाय निळ्यातून जोडलं की घरात दोन वेगळी नेटवर्क होतात. मागच्या खोलीतल्या मोबाईलवरून बैठकीतल्या टीव्हीवर व्हिडिओ पाठवायचा तर टीव्ही दिसणारच नाही.

मास्तर | रविवार, सकाळी ८:४४

आता लक्षात आलं. आमचा प्रिंटर समोरच्या खोलीत आहे आणि मागून प्रिंट जात नाही. मी आतापर्यंत प्रिंटरला दोष देत होतो. निकालपत्रकं काढायला दरवेळी लॅपटॉप उचलून समोर नेतो. आज दुपारी बदलून पाहतो.

धानपट्टा | रविवार, सकाळी ९:१५

गोंदियाहून. मी म्हणतो, दोन डबे डोक्याला ताप कशाला? कंपनीचा डबा ब्रिज मोडला टाका. मग तो फक्त फायबरचा सिग्नल लॅनमध्ये बदलून देतो, बाकी सगळं काम तुमचा राऊटर करतो. मी तसंच केलं, कारण मला घरातले कॅमेरे बाहेरून पाहायचे होते.

तारवाला | रविवार, सकाळी ९:४०

ब्रिज केला तर कंपनीच्या डब्याचं वायफाय बहुतेक बंदच होतं. ताईंना बैठकीतही वायफाय हवंय आणि मागेही. शिवाय ब्रिजसाठी बहुतेक पीपीपीओईचा, म्हणजे कंपनीच्या लाईनवर लॉगिन करायचा, युजरनेम-पासवर्ड लागतो, कुठे कुठे लाईन ओळखायचा व्हीलॅन नंबरही. जो माणूस ‘दुसरा राऊटर चालतच नाही’ म्हणतो तो हे देईल का? डब्यातून लँडलाइन फोन निघत असेल तर तोही बंद पडू शकतो.

@धानपट्टा, कॅमेरे बाहेरून दिसायला लागले का?

धानपट्टा | रविवार, सकाळी १०:०२

खरं सांगतो, नाही. ब्रिज केला, पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेलं कॅमेऱ्याकडे वळवायचं सेटिंग) केलं, तरी नाही. कंपनीने दिलेला पत्ता १००.६४ ने सुरू होतो.

तारवाला | रविवार, सकाळी १०:१०

मग तो पत्ता तुमचा एकट्याचा नाहीच. १००.६४ ते १००.१२७ हे कंपन्यांच्या आतल्या वाटपाचे पत्ते. अनेक ग्राहकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता असतो. बाहेरून येणारं पाकीट तुमच्या घरापर्यंत पोचणारच नाही, ब्रिज करा नाहीतर डोक्यावर उभे राहा. कॅमेऱ्याच्या कंपनीचं ॲप वापरा, त्यात कॅमेरा स्वतः बाहेर जोडून घेतो. किंवा जादा पैसे भरून स्थिर आयपी, म्हणजे तुमचा एकट्याचा न बदलणारा पत्ता, मागा.

आर्वीची सून | रविवार, दुपारी १:५०

मंडळी, फसले. पत्ता बदलला, २५० वरून आत गेले, नाव-पासवर्ड टाकलं, डीएचसीपी बंद केलं. आता मोबाईल नव्या राऊटरला जोडतच नाही. ‘आयपी पत्ता घेत आहे’ एवढंच म्हणतो आणि सुटतो. राऊटर बिघडला का? यांना अजून सांगितलं नाही.

कास्तकार पोट्टं | रविवार, दुपारी १:५६

घाबरू नका ताई, राऊटर बिघडला नाई. माह्यासंगं बी हेच झालं होतं, म्या तं दोन वेळा रीसेट मारला अन् दोन्ही वेळा पयल्यापासून सुरू केलं. आता त्याच्याजवळ नंबर वाटाचा अधिकारच नाई रायला, तं थो मोबाईलले देईन काय? केबल लावा. कंपनीचा डबा देईन नंबर. केबल लावून दोन मिनिटं थांबजा.

आर्वीची सून | रविवार, दुपारी २:१५

चाललं!!! मागच्या खोलीत चार दांड्या. मुलीने व्हिडिओ लावला, एकदाही गोल फिरलं नाही. सासूबाईंनी त्यांच्या मोबाईलवर भजन लावलंय. @कास्तकार पोट्टं भाऊ, @तारवाला दादा, तुमचे उपकार कसे फेडू. हद्दसुद्धा २०० केली.

दोन शंका. दोन्ही वायफायची नावं वेगळी ठेवलीत, एकच ठेवली तर चालेल का? आणि बैठकीत वेग १९० येतो, मागे ९४. केबलमध्ये निम्मा वेग गळतो का?

तारवाला | रविवार, दुपारी ३:०५

नाव एकच ठेवा, पासवर्डही तोच, सुरक्षेचा प्रकारही तोच. मग अंगण ओलांडताना मोबाईल आपसूक दुसऱ्याला जोडला जाईल. कधी कधी चिकटून राहतो, तेव्हा वायफाय बंद-चालू करायचं. २.४ गिगाहर्ट्झचं चॅनेल एकाला १ आणि दुसऱ्याला ११ द्या. ‘ऑटो’वर सोडलं तर दोघंही एकाच चॅनेलवर बसून एकमेकांवर ओरडू शकतात. ५ गिगाहर्ट्झ खोलीतल्या खोलीत वेगवान, पण मातीच्या भिंतीपलीकडे त्याची आशा धरू नका.

९४ चं सांगतो. केबलमध्ये वेग असा गळत नाही, १०० मीटरपर्यंत चालते. ९४-९५ हा आकडा मी रोज पाहतो. तो १०० एमबीपीएसच्या लिंकचा आकडा आहे. एकतर राऊटरचं भोकच १०० वालं आहे, स्वस्त राऊटरांत असतं, खोक्यावर ‘१०/१००’ लिहिलेलं असेल. नाहीतर केबलच्या आठ तारांपैकी एखादी लागलेली नाही. १०० च्या लिंकला नारिंगी आणि हिरवी जोडी पुरते. हजाराच्या लिंकला चारही जोड्या लागतात. निळी किंवा तपकिरी तुटली तर नेट चालत राहतं, फक्त १०० वर अडकतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

कनेक्टर पारदर्शक असतो. टॉर्च लावून दोन्ही टोकं पाहा. खटका खाली धरून, डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठही तारा सोनेरी पट्ट्यांखाली अगदी टोकापर्यंत गेलेल्या दिसल्या पाहिजेत.

परतवाडेकर | रविवार, दुपारी ४:३०

धागा चांगला चाललाय म्हणून माझं विचारून घेतो. आमच्या माडीवर भाडेकरू आहे. त्याला नेट द्यायचं आहे, पण आमच्या घरचे कॅमेरे त्याच्या मोबाईलवर दिसू नयेत. दुसरा राऊटर पडून आहे.

मास्तर | रविवार, दुपारी ४:४१

हे तर सोपं. इथे माझी निळ्या भोकाची पद्धत कामाची. भाडेकरूला दुसऱ्या राऊटरवर टाका, त्याचं नेटवर्क वेगळं, तुमचं वेगळं.

तारवाला | रविवार, संध्याकाळी ५:१०

सर, नेमकं उलटं. ही चूक आमच्या धंद्यातले लोकही करतात. मागच्या राऊटरवर जो बसतो त्याला पुढचं नेटवर्क दिसतं, पुढच्याला मागचं दिसत नाही. वाड्यात मागच्या खोलीतला माणूस बाहेर जायला समोरच्या बैठकीतूनच जातो ना, तसं. म्हणून जपायच्या वस्तू मागे ठेवायच्या. परतवाडेकर, कॅमेरे आणि घरचे मोबाईल दुसऱ्या राऊटरवर घ्या, निळ्या भोकातून, पत्ता वेगळा करून. भाडेकरूला पुढच्या डब्याचं वायफाय द्या. कंपनीच्या डब्यात गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) असेल तर तेही पुरेल. पण ॲक्सेस पॉइंट केलेल्या राऊटरच्या ‘गेस्ट’वर विसंबू नका, बऱ्याच राऊटरांत तो गेस्ट सरळ घरच्या नेटवर्कमध्येच उतरतो.

मास्तर | रविवार, संध्याकाळी ५:२२

मान्य. आणि प्रिंटर चालू झाला. मागच्या खोलीतून पहिलं पान निघालं ते बायकोने मला आणून दाखवलं.

परतवाडेकर, भाडेकरूला द्या, पण त्या कनेक्शनवरून जे काही होईल त्याची विचारणा तुमच्या नावाने होईल हे ध्यानात ठेवा. आमच्या गावात किराणावाल्याने शेजाऱ्यांना पैसे घेऊन पासवर्ड वाटायला सुरुवात केली होती, मी त्याला थांबवलं. ज्याला तसा धंदाच करायचा आहे त्याच्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने पीएम-वाणी ही सार्वजनिक वायफायची योजना मंजूर केली आहे. त्यात छोट्या दुकानदाराला परवाना किंवा शुल्क लागत नाही. सरळ मार्ग आहे तर चोरवाट कशाला.

कास्तकार पोट्टं | रविवार, रात्री ८:४०

तारवाले भाऊ, आता माह्यं. वावर घरापासून साडेतीनशे मीटर. रोह्यायनं अन् डुकरायनं तूर ठेवली नाई मागच्या साली. रातभर मचाणावर बसून बसून बाबाची तब्येत गेली. एक कॅमेरा लावाचा हाय वावरात. घरून केबल ओढली तं चालन काय?

तारवाला | रविवार, रात्री ९:०५

नाही चालणार. लॅन केबल १०० मीटरच्या पुढे नेऊ नका. मधात स्विच लावून वाढवता येते, पण तीन स्विच, तीन ठिकाणी लाईट, आणि वखराच्या पासेत केबल येणार. त्यापेक्षा बाहेर लावायची वायरलेस जोडी घ्या, एक घराच्या माळवदावर, एक वावरात खांबावर, तोंड समोरासमोर. अर्ध्या किलोमीटरला काही अडचण नाही. अट एकच, एकाला दुसरं डोळ्यांनी दिसलं पाहिजे. आता मे महिन्यात दिसतंय म्हणून लावाल आणि सप्टेंबरात तूर पुरुषभर होईल, बांधावरचा कडुनिंब पावसाने दाट होईल, मग सिग्नल जाईल. ओला पाला वायफाय पितो. खांब तुरीच्या वर, निदान बारा फूट घ्या. आणि कॅमेऱ्यात मेमरी कार्ड टाका, लिंक गेली तरी रेकॉर्डिंग राहील.

शेतातली लाईट कधी असते कधी नसते, म्हणून छोटं सोलर पॅनल आणि बॅटरी लावा.

कास्तकार पोट्टं | रविवार, रात्री ९:१८

हाव, लाईटचं तं विचारूच नका. एक आठवडा दिवसा, एक आठवडा राती. सोलरच करतो.

लाईटवरून आठवलं. ताई, दोन्ही डब्यायले मिनी यूपीएस लावजा. लाईट गेली का पोरीचा क्लास बंद पडन. पण घ्याच्या आधी ॲडॉप्टरवर वाचजा, १२ व्होल्ट हाय का ९ व्होल्ट, अन् किती अँपिअर. म्या ९ व्होल्टच्या राऊटरले १२ चा यूपीएस लावला, राऊटर गेला. अन् एका डब्यालेच लावून उपयोग नाई, समोरचा बंद पडला का मागचा नुसता दिवे दाखवत बसते.

पुण्यातला वऱ्हाडी | रविवार, रात्री ९:३०

यूपीएस टिनाजवळ ठेवू नका एवढं सांगतो. आमच्या गावच्या घरी अकोल्याजवळ आईने डब्यासोबत तोही टिनाखालच्या फळीवर ठेवला होता. मेमध्ये पारा ४५ च्या पुढे, टिनाखाली त्याहून जास्त. लिथियमची बॅटरी फुगून पापडासारखी झाली. आता माठाच्या तिवईशेजारी, खाली, सावलीत ठेवतो.

आणि तारवाला, रिपीटरचं पटलं. गावच्या घराला मी तोच न्यायचं ठरवलं होतं, आता केबल नेईन.

संत्रा बाग | सोमवार, सकाळी ६:५०

वरूड तालुक्यातून. सगळं वाचलं. एक गोष्ट कुणीच बोललं नाही आणि पाऊस तोंडावर आहे म्हणून लिहितो. ताई, तुमची २० मीटर केबल उघड्या अंगणातून जाते का?

आमच्याकडे घर आणि बागेतली खोली यांच्यामध्ये अशीच लॅन केबल होती, ४० मीटर, कडुनिंबाला तारेने बांधलेली. मागच्या वर्षी मृगाच्या आधी, दुपारी चारला, पश्चिमेकडून काळं आलं. वीज कडुनिंबावर नाही पडली, पलीकडच्या धुऱ्यावर पडली. तरी दोन्ही राऊटरची लॅनची भोकं गेली, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर गेला, टीव्हीचा बॉक्स गेला. जे जे त्या केबलला जोडलेलं होतं ते सगळं. मोटारीचा स्टार्टर मात्र शाबूत. माणसं वाचली हेच नशीब, माझा भाचा त्या रेकॉर्डरला हात लावून दोन मिनिटांपूर्वीच उठला होता.

तांब्याची लांब तार उघड्यावरून नेली की जवळ पडलेली वीजही तिच्यात दाब तयार करते. कंपनीची फायबर त्यात सापडत नाही, कारण काच वीज वाहून नेत नाही.

तारवाला | सोमवार, सकाळी ७:३५

संत्रा बाग यांनी माझ्या आधी सांगायला हवं होतं ते सांगितलं. मी केबलच्या रंगात गुंतलो आणि अंगण विसरलो.

ताई, दोन घरांच्या मधला तुकडा फायबरचा करा. मीडिया कन्व्हर्टरची जोडी मिळते, लॅनचं फायबर आणि फायबरचं परत लॅन करणारी, एक समोर, एक मागे. लॅन आत, फायबर बाहेर. जोडीतला एक ए असतो आणि एक बी, दोन्ही ए घेऊन येऊ नका, चालणार नाहीत. टोकं लावलेली तयार फायबर केबल मिळते, जोडायला कुणी लागत नाही. बाहेरची ड्रॉप केबल (खांबावरून घरी येते तशी) घेतली तर तिला आधाराची लोखंडी तार असते, ती घरात आणू नका, बाहेरच खिळ्याला गुंडाळून तोडा. आणि हे झालं तरी काळं आलं की, ढग गडगडायच्या आधीच, प्लग काढायचा, विजेच्या लाईनमधूनही झटका येतो.

तोपर्यंत काळं आलं की केबल दोन्ही टोकांनी काढून ठेवा. एका टोकाने नाही, दोन्ही.

आर्वीची सून | सोमवार, दुपारी १२:२५

हो, अंगणातूनच जाते, टिनाच्या कडेने, आणि मधला तुकडा लोंबकळतो. हे डोक्यातच आलं नव्हतं. संत्रा बाग भाऊ, वाचताना अंगावर काटा आला.

९४ चं कोडं सुटलं. सकाळी मुलीला टॉर्च धरायला लावली. मागच्या टोकाला तपकिरी तार पट्टीपर्यंत पोचलीच नव्हती, तांदळाच्या दाण्याएवढी कमी. दुकानदाराने घाईत लावून दिली असणार. आर्वीत एकाकडे क्रिम्पिंगचं यंत्र आहे, त्याच्याकडून ते टोक नवं करून आणलं. तो रंग दुसऱ्याच क्रमाने लावत होता, मी तारवाला दादांची ओळ मोबाईलवर उघडून त्याच्यासमोर धरली. आता मागे १८५.

लाईनवाला काल दुसऱ्या घरी आला होता तेव्हा दाखवलं त्याला. आधी मानेना. मग स्वतः मोबाईलवर वेग पाहिला आणि विचारलं, डीएचसीपी कुठून बंद केलं वहिनी? दाखवलं. त्याला बिचाऱ्याला कुणी शिकवलंच नव्हतं, नुसतं फायबर जोडायला शिकवून पाठवलं.

कास्तकार पोट्टं | सोमवार, दुपारी १२:४०

वा ताई! आता गावातले लोकं तुमालेच बोलावतीन राऊटर लावाले.

आर्वीची सून | गुरुवार, संध्याकाळी ६:१०

थोडक्यात कळवते. आज चारच्या सुमारास पश्चिमेकडून भरून आलं, वारा सुटला, टिनं वाजायला लागली. मी आणि मुलगी धावत सुटलो, मी समोरचं टोक काढलं, तिने मागचं, प्लगही काढले. पाऊस पाचच मिनिटं आला, पण वीज खूप कडाडली. तासाभराने परत लावलं, सगळं ठीक.

कन्व्हर्टरची जोडी अमरावतीहून मागवली, एक ए आणि एक बी, दोनदा विचारून घेतलं. फायबर केबल २० मीटरची संपली आहे म्हणतात, २५ किंवा ३० ची आहे. अंगणाचं अंतर १८ भरतं. उरलेली केबल कापता येत नाही ना? तिचं काय करायचं?

तारवाला | गुरुवार, संध्याकाळी ६:३२

२५ चीच घ्या. कापू नका. उरलेल्याचं जेवणाच्या ताटाएवढं वेटोळं करून मागच्या खोलीत भिंतीला टांगा. कुठेही मुडपू नका, खिळा ठोकताना तर अजिबात नाही.